चेतकची रांग आणि २४ जुलैची दुपार

२४ जुलै १९९१. त्या संध्याकाळी डॉ. मनमोहन सिंग लोकसभेत अर्थसंकल्प मांडणार होते आणि सगळ्यांचे कान तिकडे लागले होते. त्याच दिवशी दुपारी उद्योग खात्याचे राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी सभागृहाच्या पटलावर एक निवेदन ठेवलं. अर्थसंकल्पाच्या गडबडीत ते झाकोळून गेलं. पण कारखाना काढायचा, वाढवायचा किंवा त्यात नवी वस्तू बनवायची तर आधी दिल्लीचा परवाना हवा, ही चाळीस वर्षांची व्यवस्था त्या निवेदनाने १८ उद्योगांपुरतीच ठेवली आणि बाकी सगळीकडून उठवली.

त्यानंतर भारतीय कंपन्या ज्या झपाट्याने वाढल्या, त्याचं श्रेय कुणाचं यावर आजही हिरिरीने बोललं जातं. काहीजण म्हणतात, सरकार फक्त वाटेतून बाजूला झालं. कंपन्या उभ्या केल्या त्या बजाज, कल्याणी, मूर्ती यांच्यासारख्या माणसांनी. दुसऱ्यांचं म्हणणं असं, की ही माणसं १९९१ च्या आधीही होतीच, मग तेव्हा ती जगभर का पोचली नाहीत? श्रेय नरसिंह राव आणि मनमोहन सिंग यांचंच.

हा वाद दिल्लीत किंवा दलाल स्ट्रीटवर बसून सोडवण्यापेक्षा पुण्याच्या आणि मुंबईच्या कारखान्यांकडे पाहून सोडवावा, असं मला वाटतं. कारण नियम बदलले तेव्हा इथली घराणी तीच होती, कारखाने तेच होते, कामगारही तेच होते. नियम बदलल्यावर कुणाचं काय झालं, हे इथे नावानिशी सांगता येतं.

परवान्याच्या आधी

१८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे चारा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. लोखंडामुळे जमिनीत विष भिनतं, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने त्यांना जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात जमीन दिली आणि पैशाचीही मदत केली. निवडुंग माजलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. एका सत्तेने उठवलं आणि दुसरीने बसवलं. लक्ष्मणरावांची जिद्द दोन्ही ठिकाणी तीच होती, पण कारखाना उभा राहिला तो औंधात.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना औंधसारखा आधार मिळाला नाही. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांची कोंडी केली आणि गोऱ्या सरकारने ते होऊ दिलं. वालचंदांनी पुढे विमानाचा कारखाना काढला, जहाज बांधणीची गोदी उभारली, १९४४ मध्ये मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. प्रत्येक वेळी परक्या सरकारशी झगडून. आपलं सरकार आलं की ते पाठीशी उभं राहील, ही त्या पिढीच्या उद्योजकांची मनापासूनची आस होती.

म्हणूनच १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास, कस्तुरभाई लालभाई आदी आठ जणांनी प्रसिद्ध केलेली ‘मुंबई योजना’ महत्त्वाची ठरते. १५ वर्षांत १०,००० कोटी रुपये गुंतवून दरडोई उत्पन्न दुप्पट करायचं आणि त्यासाठी राज्यसंस्थेने नियोजन करायचं, नियंत्रण ठेवायचं, असं त्या योजनेत होतं. मांडणी करणारे देशातले सर्वांत मोठे भांडवलदार होते. पुढे जे परवाना राज्य आलं, ते त्यांच्या मनातलं नव्हतं हे खरं. पण सरकारने उद्योगाची चौकट आखून द्यावी ही कल्पना नेहरूंनी त्यांच्यावर लादली, असं म्हणणं इतिहासाला धरून नाही.

रांग

उद्योग विकास व नियमन कायदा १९५१ चा. मोजकं भांडवल योग्य जागी लागावं, मूठभर घराण्यांच्या हाती सगळं जाऊ नये, मागास भागांना वाटा मिळावा, हे त्यामागचे हेतू चांगले होते. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने १७ उद्योग सरकारी क्षेत्रासाठी राखले. १९६९ मध्ये मक्तेदारी नियंत्रणाचा म्हणजे एमआरटीपी कायदा आला आणि मोठ्या घराण्याला नुसता कारखाना वाढवायचा असला तरी आणखी एक परवानगी लागू लागली.

हेतू आणि परिणाम यांच्यातलं अंतर लवकरच दिसायला लागलं. काही मोठ्या घराण्यांनी ढीगभर अर्ज करून परवाने अडवून ठेवले आहेत, असं आर. के. हजारी यांनी १९६७ मध्ये आपल्या अहवालात दाखवून दिलं. परवाना हातात असला की कारखाना काढला नाही तरी चालत असे, कारण दुसऱ्यालाही तो काढता येत नसे. मोठ्यांना वेसण घालायला आणलेला कायदा मोठ्यांचीच ढाल झाला होता.

पुण्याजवळच्या आकुर्डीतल्या बजाज कारखान्याची गोष्ट याच काळातली. जमनालाल बजाज वर्ध्याचे, गांधीजींचे निकटचे सहकारी. त्यांच्या घराण्यातल्या बजाज ऑटोला १९५९ मध्ये स्कूटर आणि रिक्षा बनवायचा परवाना मिळाला. १९६८ मध्ये राहुल बजाज यांनी कंपनीची सूत्रं हाती घेतली. इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि पुढच्या वर्षी कंपनीने स्वतःच्या नावाने स्कूटर आणली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव तिला दिलं, चेतक.

ज्यांनी तो काळ पाहिला, त्यांना ‘नंबर लागला’ या दोन शब्दांचं मोल सांगावं लागत नाही. मुलगा कॉलेजात गेला की वडील चेतकचं बुकिंग करत. नंबर लागेपर्यंत काही ठिकाणी दहा-दहा वर्षं जात. ज्याचा नंबर लागे, त्याला त्याच दिवशी वर ‘ऑन’ देऊन गाडी विकत घेणारे भेटत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र गाडी लवकर मिळे, म्हणून आखाती देशांत नोकरीला असलेल्या भावाला पत्रं जात. एका दुचाकीसाठी एवढा खटाटोप.

मग बजाज जास्त गाड्या का बनवत नव्हते? कारण परवान्यात लिहिलेल्या संख्येच्या फार पुढे जाणं हा कायद्याने गुन्हा होता. लोकांना हवी असलेली वस्तू जास्त बनवल्याबद्दल शिक्षा होणार असेल तर मी तुरुंगात जायला तयार आहे, माझे आजोबाही देशासाठी तुरुंगात गेले होते, असं राहुल बजाज जाहीरपणे सांगत. सरकारने रांग कमी करायला दुसरे उपाय केले. लखनौला सरकारी स्कूटर कारखाना निघाला. साताऱ्यात १९७५ मध्ये सरकारी महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली आणि तिथली ‘प्रिया’ रस्त्यावर आली. रांग हटली नाही.

या रांगेतच आपल्या वादाची किल्ली आहे, असं मला वाटतं. चेतक दणकट गाडी होती, तिच्यावर नवरा-बायको आणि दोन मुलं मावत, गल्लीतला मेकॅनिक ती दुरुस्त करी. पण ती किती चांगली आहे, हे त्या रांगेवरून कळत नव्हतं. लोक तिला निवडत होते की दुसरं काही मिळत नाही म्हणून घेत होते? कंपनीचा नफा कर्तृत्वातून येत होता की परवान्यातून? कंपनी चालवणाऱ्यालाही हे खात्रीने सांगता आलं नसतं. परवाना राज्याने उद्योजकाची वाढ तर खुंटवलीच, पण चांगला उद्योजक आणि नशीबवान परवानाधारक यांतला फरकही पुसून टाकला.

सोनं गेलं आणि परवाना गेला

ऐंशीच्या दशकात दारं किलकिली झाली. मारुती १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली. दुचाकीसाठी जपानी कंपन्यांशी भागीदारीला मुभा मिळाली आणि हिरो होंडा, पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा अशा गाड्या दिसू लागल्या. राजीव गांधींच्या सरकारने काही उद्योगांचे परवाने सैल केले. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारातही मोठ्या बदलाचे मसुदे तयार झाले होते. म्हणजे काय करायला हवं, हे दिल्लीतल्या पुष्कळांना ठाऊक होतं. ते करायची राजकीय ताकद कुणापाशी नव्हती.

ती वेळ संकटाने आणली. आखाती युद्धाने तेल महागलं, परदेशस्थ भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या आणि १९९१ च्या मध्याला परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. चंद्रशेखर सरकारच्या काळात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं बाहेर विकलं गेलं. जुलैत रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण म्हणून गेलं. घरातलं सोनं गहाण टाकण्याची वेळ म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळं सांगावं लागत नाही.

२१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली. बरोबर महिन्याने, २१ जूनला, पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. हे रामटेकचे दोन वेळचे खासदार. त्या वर्षीची निवडणूक त्यांनी लढवलीही नव्हती. ते सगळं आवरून हैदराबादला परतायच्या बेतात होते. उत्तम मराठी जाणणारे, ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारे. आणि हेही विसरायला नको, की इंदिरा आणि राजीव या दोघांच्या मंत्रिमंडळांत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. परवान्याची व्यवस्था मोडणारा माणूस त्याच व्यवस्थेत मुरलेला होता.

उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलं. १ आणि ३ जुलैला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. औद्योगिक धोरणाचा मसुदा अमरनाथ वर्मा आणि राकेश मोहन यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या हातून तयार झाला. मंत्रिमंडळात जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. तेव्हा आशय फारसा न बदलता मसुद्याच्या सुरुवातीला नेहरू, इंदिरा गांधी आणि राजीव गांधी यांच्या वारशाची उजळणी करणारी प्रस्तावना जोडली गेली आणि विरोध निवळला. राजकारण्याचं कसब म्हणतात ते हेच. अर्थतज्ज्ञ उपाय सुचवू शकतो. तो अल्पमतातल्या सरकारच्या गळी उतरवणं हे दुसऱ्या प्रकारचं काम आहे.

२४ जुलैच्या निवेदनाने परवाने उठवले, मोठ्या घराण्यांच्या विस्तारावरची एमआरटीपीची अट काढली, सरकारसाठी राखीव उद्योग १७ वरून ८ वर आणले आणि निवडक उद्योगांत ५१ टक्के परदेशी भांडवलाला आपोआप मंजुरी दिली. तीनशे टक्क्यांच्या पुढे गेलेली कमाल आयातजकात १५० टक्क्यांवर आली आणि १९९५ पर्यंत ५० वर. १९९२ मध्ये भांडवल नियंत्रणाचा कायदाही गेला. तोवर कंपनीने शेअर काय भावाने विकावा, हे दिल्लीतलं एक कार्यालय ठरवत असे.

एकच पाऊस, निरनिराळी शेतं

या बदलांना उद्योगपतींनी एकमुखाने साथ दिली, अशी आज समजूत आहे. प्रत्यक्षात १९९३ मध्ये काही बडे उद्योगपती मुंबईत एकत्र आले. त्या गटाचं नाव ‘बॉम्बे क्लब’ पडलं आणि त्यातला सर्वांत बुलंद आवाज राहुल बजाज यांचा होता. परवान्याविरुद्ध वीस वर्षं लढलेला माणूस आता म्हणत होता, परदेशी कंपन्यांशी स्पर्धा करायला आमची ना नाही, पण आधी आम्हाला बरोबरीच्या पातळीवर आणा. कर्ज महाग, करांचं ओझं, रस्ते-वीज-बंदरांची दैना; चाळीस वर्षं हातपाय बांधून ठेवल्यावर एका रात्रीत धावायला सांगणं त्यांना अन्याय्य वाटत होतं. या म्हणण्यात तथ्य होतं. पण सुधारणा उद्योगपतींच्या मागणीमुळे झाल्या, हे म्हणणं मात्र यानंतर टिकत नाही.

पुढच्या दहा वर्षांत तो एकच पाऊस निरनिराळ्या शेतांवर पडला.

मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये मशागत आधीच सुरू झाली होती. शंतनुराव किर्लोस्करांच्या प्रोत्साहनाने नीलकंठराव कल्याणी यांनी १९६१ मध्ये काढलेली ही कंपनी. त्यांचे चिरंजीव बाबा कल्याणी १९७२ मध्ये कारखान्यात आले. लाल तापलेल्या लोखंडावर अंगमेहनतीने हॅमर चालवायची पद्धत सोडून १६,००० टन दाबाचा स्वयंचलित प्रेस आणायचा निर्णय त्यांनी परवाने उठायच्या आधीच, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी घेतला होता. देशात एवढ्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं. हॅमरवर काम करणाऱ्यांच्या जागी संगणकावर काम करू शकणारी माणसं घडवावी लागली. दारं उघडली तेव्हा हा कारखाना तयार होता, आणि २००४ मध्ये त्याने जर्मनीतली कार्ल डान पेडिंगहाऊस ही कंपनी विकत घेतली.

इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात १०,००० रुपयांवर सुरू झाली आणि दोन वर्षांनी बंगळूरला गेली. एक संगणक आयात करायच्या परवान्यासाठी नारायण मूर्तींना दिल्लीचे खेटे घालावे लागले होते. १९९३ मध्ये शेअरचा भाव ठरवायची मोकळीक मिळाल्यावर कंपनीने ९५ रुपयांना शेअर विकायला काढले. लोकांनी पुरते घेतलेही नाहीत. १९९९ मध्ये तीच कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली. मूर्ती आणि त्यांचे सहकारी दोन्ही काळांत तेच होते.

आणि प्रीमियर? वालचंदांनी स्वप्नं पाहून उभारलेली, मुंबईला काळी-पिवळी ‘पद्मिनी’ देणारी ती कंपनी. तिलाही तीच मोकळीक मिळाली. तिने फ्रान्सच्या पेजोशी भागीदारी केली, कल्याणला गाड्या बनवल्या, पण भागीदारी मोडली. २००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादनही थांबलं आणि २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. कायनेटिकची साथ होंडाने १९९८ मध्ये सोडली. सुधारणांनीच कंपन्या मोठ्या होत असत्या, तर या दोन्ही आज शिखरावर दिसल्या असत्या.

आकुर्डीची परीक्षा सर्वांत कठीण होती. रांग संपली, आणि ग्राहक स्कूटर सोडून मोटारसायकलकडे वळला. २००१ मध्ये हिरो होंडाने दुचाकीतलं पहिलं स्थान मिळवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात, राहुल बजाज यांचे चिरंजीव राजीव यांच्या पुढाकाराने कंपनीच्या स्वतःच्या अभियंत्यांनी घडवलेली पल्सर बाजारात आली. कंपनी वाचली, वाढली, परदेशांत पोचली. माझ्या मते बजाज घराण्याचं कर्तृत्व मोजायचं असेल तर दहा वर्षांच्या रांगेकडे पाहू नये. पल्सरकडे पाहावं, कारण ती न घेण्याची मुभा प्रत्येक ग्राहकाला होती.

ज्यांचं नाव येत नाही

या हिशेबात एक तिसरा धनको आहे आणि त्याचं देणं आपण नेहमी विसरतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या काळात स्थापन झालं. पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर पाणी, रस्ते आणि वीज त्या एमआयडीसीने नेली. त्याआधीच सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आलेली होती. टेल्कोचा कारखाना साठच्या दशकात इथे आला, तो सुमंत मूळगावकरांच्या दृष्टीमुळे. त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून पुढे एका गाडीला ‘सुमो’ नाव मिळालं. १९६६ मध्ये पुण्यात वाहन संशोधनाची एआरएआय ही संस्था सुरू झाली. आयटीआयमध्ये शिकलेले फिटर आणि टर्नर, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातले पदवीधर, भोसरीच्या छोट्या शेडमध्ये सुटे भाग बनवणारे वर्कशॉपवाले, ही सगळी फळी १९९१ च्या आधीच्या तीस वर्षांत तयार झाली. याच काळातल्या परवान्यांनी पायात बेड्या घातल्या आणि याच काळातल्या संस्थांनी पाय बळकट केले. दोन्ही खरं आहे, आणि एक सांगताना दुसरं लपवू नये.

श्रेय वाटताना आपण किती हात आखडता घेतो, हे रावांच्या वाट्याला आलं तेवढं क्वचितच कुणाच्या आलं असेल. २३ डिसेंबर २००४ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांना भारतरत्न मिळालं ते २०२४ मध्ये, वीस वर्षांनी. ज्या कादंबरीचं त्यांनी भाषांतर केलं तिचं नावच त्यांच्या त्या दुपारच्या निवेदनाला लागू पडावं, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

तर मग श्रेय कुणाचं? सुधारणांनी उद्योजकांना यश दिलं नाही. ते स्वतः कमावता येईल, गमावताही येईल आणि कुणी कमावलं हे सगळ्यांना दिसेल, अशी सोय केली. त्याआधी कर्तृत्व होतं, पण ते सिद्ध करायची जागा नव्हती.

२०१९ मध्ये चेतक पुन्हा आली, आता विजेवर चालणारी. दुकानात जावं, पाहावी, पसंत पडली नाही तर शेजारच्या दुकानात दुसऱ्या कंपनीची पाहावी. त्या शेजारच्या दुकानाचं श्रेय २४ जुलैच्या दुपारचं आहे. ते पाहून झाल्यावरही कुणी परत येऊन चेतकच घेतली, तर तिथून पुढचं श्रेय आकुर्डीचं.